रिकामं बसलेलं लॅन कार्ड वीज खातंय आणि दर कर्नल अपडेटनंतर परत तेच (आर८१६९ ड्रायव्हर)

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल. चोवीस तास चालू असणारा छोटा, पंखा नसलेला पीसी, वर लिनक्स, कोणी काही करत नाहीये, सीपीयू एक टक्काही वापरात नाही, तरी सॉकेटला लावलेल्या मीटरवर ११ वॉट. हाच डबा काही महिन्यांपूर्वी ६.५ वॉटवर निवांत बसायचा आणि मधल्या काळात मी एक कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट सोडून कशाला हात लावलेला नाही. सेटिंग परत केली की खाली येतो, पुढच्या कुठल्यातरी अपडेटला परत वर. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा म्हटलं आता एकदा मुळापर्यंत जाऊ आणि लिहूनच ठेवू, कारण दर वेळी मागच्या वेळी नक्की काय केलं होतं हेच विसरलेलो असतो.

खरं तर हे मीटरने नाही, आईने पकडलं. डबा फ्रीजवर राउटरशेजारी असतो आणि थंडीत विरजण लागत नाही म्हणून ती रात्री दुधाचं भांडं त्या डब्यावर ठेवते, वरून फडकं गुंडाळून. नको म्हणून सांगून थकलो, शेवटी खाली एक ताटली ठेवायला तयार झाली एवढंच. मी पहिल्यांदा वीज कमी केली त्याच्या दुसऱ्याच सकाळी "अरे तुझा तो डबा बंद पडलाय का, विरजण लागलंच नाही". आणि नंतर एका सकाळी दही अगदी सुरीने कापावं असं घट्ट लागलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती, आली नाही, मी दोन वाट्या खाल्लं आणि कामाला लागलो.

एक सूचना, खाली कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीतच लिहितोय, फोनवर मित्राला सांगतो तशी, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करायची.

आणि हे सगळं करायच्या आधी पैशाचा हिशोब स्पष्ट करून टाकतो कारण काही लोक यातून बिल अर्धं होईल अशा आशेने येतात. १ वॉट वर्षभर सतत चालला तर ८.७६ युनिट होतात. माझे साडेचार वॉट वाचले म्हणजे वर्षाला साधारण ३९-४० युनिट, बिलात शोधून सापडणार नाहीत. मला ते करायचं होतं कारण आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते आणि हा डबा ३० वॉट-अवरच्या आसपासच्या मिनी यूपीएसवर आहे. ११ वॉटला तो सव्वादोन तास तग धरतो, साडेसहाला पावणेचार तास. हा फरक खिशात नाही पण घरात जाणवतो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालू राहतं. तुमचा डबा मोठ्या घरगुती इन्व्हर्टरवर असेल तर तो इन्व्हर्टर स्वतःच लोड नसताना याच्यापेक्षा जास्त खातो, मग एवढी मेहनत करावी का ते तुम्ही ठरवा.

आता मी काय काय चुकीचं केलं ते. पहिली चूक म्हणजे मी कार्डाच्याच मागे लागलो. रिकामं कार्ड वीज खातंय म्हणजे कार्डाची वीज कमी करायची, सरळ वाटतं. आणि त्यात तथ्य आहेच थोडं, गिगाबिट लिंक जोडलेली असली की डेटा असो नसो, केबलच्या चारही जोड्यांवर दोन्ही बाजूंनी सेकंदाला साडेबारा कोटी सिम्बॉल जात असतात, नुसतं "मी आहे, मी आहे" एवढंच सांगायला. त्यामुळे ईथटूलने (कार्डाच्या सेटिंग बघायची-बदलायची कमांड) स्पीड १०० मेगाबिटवर आणला तर दोनच जोड्या वापरात राहतात आणि कार्ड थोडं गार होतं. मी ते केलं. मीटरवर अर्धा वॉट फरक पडला, तोही मीटर खरं बोलत असेल तर, कारण हे स्वस्तातले मीटर दहा वॉटच्या खाली मनाला येईल ते दाखवतात, तासभराचा सरासरी आकडा घेतला तरच विश्वास ठेवायचा.

मग ईईई (एनर्जी एफिशिएंट ईथरनेट). म्हणजे २०१० चं ८०२.३एझेड स्टँडर्ड, ज्याच्यात लिंक शांत असताना दोन्ही टोकं झोपतात आणि मधूनमधून नुसती हजेरी देतात. ईथटूल, डॅश डॅश शो-ईईई आणि कार्डाचं नाव, याने कळतं की तुमच्या बाजूला आहे का आणि समोरच्या स्विचला येतं का. दोघांनाही यायला लागतं, एकट्याने झोपून उपयोग नाही. माझ्या राउटरच्या पोर्टला येतच नव्हतं त्यामुळे तो विषय तिथेच संपला. तुमच्याकडे चालत असेल तर ठेवा चालू, पण दर काही मिनिटांनी लिंक पडून परत उठायला लागली, कर्नल लॉगमधे लिंक डाउन, लिंक अप अशी माळ दिसायला लागली तर सगळ्यात आधी ईईई बंद करून बघा, जुने स्विच आणि ईईई यांचं फार जमत नाही.

तिसरं, पॉवरटॉपचं (वीज कुठे जातेय ते दाखवणारं टूल) ऑटो-ट्यून. हे सगळेच करतात, मीही केलं, सगळ्या ओळी बॅड वरून गुड झाल्या, समाधान वाटलं, मीटर ढिम्म. उलट दोन गोष्टी बिघडल्या. कीबोर्ड दोन सेकंद सोडला की झोपायला लागला, पहिलं अक्षर गायब. आणि ऑटो-ट्यूनने वेक-ऑन-लॅन (बंद मशीन नेटवर्कवरून उठवायची सोय) बंद करून टाकलं जे मला दुसऱ्या मशीनवर हवं होतं, ते मशीन रात्री बंद करून सकाळी ऑफिसमधून उठवायला गेलो तर उठेचना, घरी फोन करून बाबांना बटण दाबायला सांगावं लागलं.

मग खरं दुखणं कुठे होतं? कार्ड स्वतः एखादा वॉट खातं, फार तर. पण ते पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारी बोर्डावरची वाट) ज्या लिंकवर बसलंय ती लिंक पूर्ण जागी ठेवली की तिच्या टोकाचा रूट पोर्ट जागा, त्याचं क्लॉक जागं, आणि मग प्रोसेसरचं अख्खं पॅकेज (सगळे कोअर आणि बाकीचे भाग मिळून पूर्ण चिप) खोल झोपेत जाऊच शकत नाही. म्हणजे घरात एक पाहुणा हॉलमधे जागा आहे म्हणून सगळ्यांनी दिवे लावून बसायचं, असला प्रकार. कोअर झोपलेले दिसतात, सी६, सी७, सगळं छान, पण पॅकेज पीसी२ किंवा पीसी३ वर अडकलेलं (सी म्हणजे कोअरच्या आणि पीसी म्हणजे पॅकेजच्या झोपेचे टप्पे, आकडा मोठा तेवढी झोप गाढ). साडेतीन-चार वॉट तिथे जातात, कार्डात नाही.

म्हणून कुठलीही सेटिंग बदलायच्या आधी हे बघा. पॉवरटॉप उघडा, आयडल स्टॅट्सच्या टॅबवर जा, सगळ्यात डावीकडचा पॅकेजचा रकाना बघा, त्यात पीसी६, पीसी८, पीसी१० समोर आकडे आहेत की सगळं शून्य आहे. टर्बोस्टॅट असेल तर त्यातही पॅकेज टक्केवारीचे हेच रकाने येतात. (हे इंटेलच्या प्रोसेसरचं सांगतोय, एएमडीवर ही नावं आणि हे रकाने असे मिळत नाहीत.) एक लक्षात ठेवा, टर्बोस्टॅट जे पॅकेज वॉट दाखवतं त्यात कार्डाची वीज धरलेलीच नसते, ती प्रोसेसरची असते, त्यामुळे भिंतीवरच्या मीटरशी त्याची बेरीज जुळवत बसू नका. आणि पॉवरटॉप प्रत्येक डिव्हाइससमोर जे वॉट दाखवतं तो अंदाज असतो, मोजमाप नाही.

पॅकेज अडकलंय हे दिसलं की दुसरी पायरी, लिंक झोपतेय का. सुडो लावून एलएसपीसीआय, डॅश व्हीव्हीव्ही. सुडो विसरलात तर नेमक्या हव्या त्या ओळी अॅक्सेस डिनाइड म्हणून येतात आणि आपण उगाच घाबरतो. त्यात ईथरनेट कंट्रोलर शोधा, त्याच्याखाली दोन ओळी असतात, एलएनके-कॅप आणि एलएनके-सीटीएल. पहिली सांगते की कार्डाला काय येतं, दुसरी सांगते की आत्ता काय चालू आहे. माझ्याकडे पहिलीत एएसपीएम एल०एस एल१ असं लिहिलेलं आणि दुसरीत एएसपीएम डिसेबल्ड. सापडला चोर. एएसपीएम म्हणजे चालू कामातच लिंकने मिळेल तेवढ्या वेळात डुलकी काढायची सोय, एल०एस ही हलकी डुलकी, एल१ ही नीट झोप, आणि एल१ च्या पोटात अजून एल१.१ आणि एल१.२ अशा जास्त गाढ झोपा आहेत ज्यांच्यासाठी बोर्डावर क्लॉक-रिक्वेस्टची एक वेगळी रेघ जोडलेली असावी लागते. स्वस्त बोर्डांवर ती नेहमी जोडलेली असतेच असं नाही.

आता प्रश्न असा की बायोसमधे एएसपीएम चालू होतं, कर्नलला येत होतं, कार्डाला येत होतं, मग बंद कोणी केलं? तर ड्रायव्हरने. आणि मुद्दाम. आर८१६९ हा ड्रायव्हर रिअलटेकच्या ज्या चिपसाठी आहे ती जवळपास प्रत्येक स्वस्त मदरबोर्डावर बसलेली असते, तिचे कित्येक अवतार आहेत, आणि एएसपीएम चालू केल्यावर काही थोड्या मशीनवर ती रुसते. स्पीड पडतो, पॅकेट गळतात, ट्रान्समिट अडकतं, काही मशीन तर बूटच होत नव्हती. त्यामुळे या ड्रायव्हरमधे चालू-बंदचा खेळ वर्षानुवर्षं चाललाय. २०१८ साली ४.१९ कर्नलमधे एएसपीएम परत चालू केलं, तक्रारी आल्या, २०१९ ला ५.१ मधे परत बंद. बंद करतानाच लिहून ठेवलं होतं की ज्या नोटबुकवाल्यांना काही त्रास नव्हता त्यांची बॅटरी यामुळे कमी टिकेल, आणि पुढे ज्याची हिंमत असेल त्याने स्वतः चालू करावं अशी सोय करू. ती सोय जानेवारी २०२० ला आलेल्या ५.५ कर्नलमधे आली, तिच्यावरच खालचा सगळा उपाय उभा आहे. मग २०२२ मधे चिपच्या एच अवतारापासून पुढे एल१ आणि एल१.१ परत चालू, फक्त एल१.२ बंद, कारण नव्या चिपवर त्रास फक्त एल१.२ ने होतो असं दिसत होतं. आणि २०२३ मधे काही मशीनवर ट्रान्समिट टाइमआउट यायला लागले म्हणून तेही मागे घेतलं.

हे वाचल्यावर माझा राग थोडा शांत झाला, खरं सांगतो. लिहिणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही बंदच केलं असतं. दहा जणांची साडेतीन वॉट वीज वाचवण्यासाठी अकराव्याचं नेटवर्क मधेच बंद पाडायचं हे कोणालाच पटणार नाही. पण त्यामुळे झालं असं की माझा डबा ज्या काळातल्या कर्नलवर होता तिथे एल१ आपोआप चालू होतं, मी काही न करता, आणि मी समजत होतो की हे माझ्या पॉवरटॉपच्या कर्तृत्वाने झालंय. नंतरच्या एका अपडेटमधे ड्रायव्हरने ते बंद केलं आणि मी दोन महिने चुकीच्या जागी शोधत होतो.

तर उपाय. स्लॅश सिस, क्लास, नेट, मग तुमच्या कार्डाचं नाव, मग डिव्हाइस, मग लिंक. या लिंक फोल्डरात एल१_एएसपीएम नावाची फाइल असते. कॅट करून बघा, ० असेल तर रूट होऊन त्यात १ लिहा. परत एलएसपीसीआय करून एल१ एनेबल्ड आलं का बघा. आलं तर पाच मिनिटं मशीनला हात न लावता थांबा आणि पॅकेजचा रकाना बघा. माझ्याकडे हे जमल्यावर पीसी८ चे आकडे यायला लागले आणि मीटर परत सातच्या खाली गेला.

पण दोन ठिकाणी गाडी अडू शकते. एक म्हणजे तुम्ही १ लिहिलात, एरर नाही आली, आणि परत वाचलं तर ० च. याने मला फार वेळ छळलं, म्हटलं परमिशन, म्हटलं सुडो आणि रीडायरेक्टचं नेहमीचं भांडण, पण तसं नव्हतं. कर्नलची एएसपीएमची एक एकूण पॉलिसी असते, मॉड्युल फोल्डरात पीसीआयई_एएसपीएम, पॅरामीटर्स, पॉलिसी, तिथे चार शब्द दिसतात, डीफॉल्ट, परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह, पॉवरसुपरसेव्ह, आणि चालू असलेला चौकोनी कंसात. डीफॉल्ट असेल तर कर्नल बायोसने बूटच्या वेळी त्या लिंकला जे लावून दिलं त्याच्या पलीकडे जात नाही. बायोसने एल१ बंद दिलं असेल तर तुमच्या त्या १ लिहिण्याने फक्त ड्रायव्हरची मनाई उठते, लिंक झोपत नाही. पॉलिसी पॉवरसेव्ह करा, मग दिसेल. कायमची करायची तर कर्नल कमांड लाइनमधे पीसीआयई_एएसपीएम टिंब पॉलिसी बरोबर पॉवरसेव्ह. उलटही लक्षात घ्या, नुसती पॉलिसी बदलून आर८१६९ ची लिंक झोपत नाही कारण ड्रायव्हरची मनाई तशीच असते. दोन्ही कुलपं उघडायला लागतात. पॉवरसुपरसेव्हच्या वाटेला मी गेलो नाही, त्यात एल१.२ येतं आणि या चिपची दुखरी नस तीच आहे. पॉवरसेव्हमधे त्या पोटातल्या झोपा येतच नाहीत, साधा एल१, तो पुरे.

दुसरी अडचण, ते लिंक फोल्डर आहे पण रिकामं, किंवा नाहीच. तेव्हा डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, तिथे ओएसकडे एएसपीएमचा ताबा नाही अशा अर्थाची ओळ असेल. म्हणजे बायोसने सांगितलंय की एएसपीएमला हात लावू नका. बायोसमधे जाऊन पीसीआय पॉवर मॅनेजमेंट, नेटिव्ह एएसपीएम अशा नावाचं काही मिळतं का बघा, नावं प्रत्येक बोर्डाची वेगळी. नाहीच मिळालं तर पीसीआयई_एएसपीएम बरोबर फोर्स हा शेवटचा उपाय, पण तो मॉनिटर आणि कीबोर्ड लावलेला असतानाच करा, बाहेरगावी बसून एसएसएचवरून नको.

आता हे रीबूटला टिकलं पाहिजे, आणि इथेच माझं "परत परत तेच" होतं. मी यूडेव्हचा नियम (डिव्हाइस दिसलं की आपोआप चालणारी सूचना) लिहिला होता, पीसीआय सबसिस्टिम, अॅड इव्हेंट, व्हेंडर अमुक, आणि एल१_एएसपीएम ला १. बरोबर दिसतो ना? रीबूट केलं, ०. हाताने चालवलं, १. रीबूट, ०. एक अख्खा रविवार गेला. मग कर्नल लॉग आणि यूडेव्हचा लॉग वेळेनुसार शेजारी शेजारी लावले तेव्हा ट्यूब पेटली. पीसीआय डिव्हाइसचा अॅड इव्हेंट येतो तेव्हा ड्रायव्हर अजून लोडच झालेला नसतो, उलट त्याच इव्हेंटमुळे तो लोड होणार असतो. म्हणजे माझा नियम आधी धावत जाऊन १ लिहायचा, मग मागून ड्रायव्हर यायचा आणि शांतपणे बंद करायचा. अंगणात सडा घालून झाल्यावर कोणीतरी केरसुणी घेऊन यावं तसं.

म्हणून नियम पीसीआयवर नाही, नेटवर लावायचा. अॅक्शन अॅड, सबसिस्टिम नेट, ड्रायव्हर्स आर८१६९ (शेवटी एस आहे, तो विसरू नका, एस नसलेला ड्रायव्हर फक्त त्याच डिव्हाइसवर जुळवतो आणि नेट इंटरफेसला स्वतःचा ड्रायव्हर नसतो, वरच्या पीसीआय डिव्हाइसला असतो), आणि मग अॅट्र, महिरपी कंसात डिव्हाइस/लिंक/एल१_एएसपीएम, बरोबर १. जुळवताना दोनदा बरोबरचं चिन्ह, लिहिताना एकदा. नेट इंटरफेस जन्माला येतो तोपर्यंत ड्रायव्हरचं जे काय बंद करायचं ते करून झालेलं असतं, त्यामुळे शेवटचा शब्द आपला. आणि यात पीसीआयचा नंबरही लागत नाही, इंटरफेसचं नावही लागत नाही, त्यामुळे उद्या एखादं कार्ड टाकून नंबर सरकले तरी नियम चालतो. लॅपटॉपवाल्यांनी एकदा सस्पेंड करून उठवल्यावरही एलएसपीसीआय बघून घ्या, माझा डबा झोपतच नाही त्यामुळे माझा अनुभव तिथे कामाचा नाही.

चालू केल्यावर दोन दिवस नजर ठेवा, हे टाळू नका, ड्रायव्हरने उगाच बंद केलेलं नाही. ईथटूल डॅश मोठा एस, त्यात आरएक्स_मिस्ड असा काउंटर असतो, आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) दोन्ही दिशांनी दहा मिनिटं चालवा आणि आधी नंतरचा आकडा बघा. थोडा वाढला तर एकवेळ चालेल, धावत सुटला तर तुमचं मशीन त्या अकराव्यापैकी आहे. आणि कर्नल लॉगमधे नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट असं दिसलं तर विचार करू नका, ० लिहा, नियम काढा, साडेचार वॉटवर पाणी सोडा. पिंग मात्र थोडा वाढेल, लिंक उठायला काही मायक्रोसेकंद घेते, घरच्या वापरात ते कळणारही नाही.

आता दुसरा पोर्ट. बऱ्याच छोट्या डब्यांना दोन लॅन असतात आणि एकात केबलच नसते. तिथे खरंच कार्ड पूर्ण झोपवता येतं, आणि इथे ड्रायव्हर तुमच्या बाजूने आहे. आर८१६९ मधे असं लिहिलेलं आहे की केबल नसेल किंवा इंटरफेस बंद असेल तर दहा सेकंद थांबून कार्डाला डी३ मधे (पूर्ण झोपेची अवस्था) पाठवायचं, इंटेलच्या आयजीबी आणि ई१०००ई मधे हेच पाच सेकंदांनी. मग होत का नाही? कारण पीसीआय डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात कंट्रोल नावाची फाइल असते आणि तिच्यात मुळात ऑन असतं, म्हणजे झोपायचं नाही. तिथे ऑटो लिहा, बस. पंधरा सेकंदांनी शेजारच्या रनटाइम_स्टेटस मधे सस्पेंडेड दिसलं पाहिजे. पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून हेच करतं, त्याचं तेवढं श्रेय त्याला. सस्पेंडेड दिसत नसेल तर बघा कोणी त्या इंटरफेसला सारखं छेडतंय का. माझ्याकडे मॉनिटरिंगचा एक स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी सगळ्या कार्डांना ईथटूलने "कसे आहात" विचारत होता, आणि विचारलं की ते उठतं.

यातली एकच खोच. झोपलेल्या कार्डात केबल खुपसली की ते स्वतः उठून सांगतं, पण तो उठल्याचा निरोप बोर्डावरून वरपर्यंत पोचायला लागतो. काही बोर्डांवर पोचत नाही. मग केबल लावली, लाइट पण लागला, पण इंटरफेस मेलेला. इंटरफेस एकदा डाउन करून अप केला की येतो. तुमच्याकडे असं असेल तर ज्या पोर्टात कधी केबल लागणारच नाही तिथेच ऑटो ठेवा, मुख्य पोर्टाला ऑन राहू द्या. नाहीतर लाइट गेल्यावर राउटर बंद पडणार, दहा सेकंदांनी कार्ड झोपणार, लाइट आल्यावर राउटर उठणार आणि तुमचा डबा गप्प, आणि तुम्ही गावाला.

वेक-ऑन-लॅनबद्दल थोडक्यात, मशीन बंद असताना मीटर शून्याच्या वर असेल तर त्यात याचाही वाटा असू शकतो, कार्ड जादूच्या पॅकेटची वाट बघत जागं असतं. नको असेल तर ईथटूल डॅश छोटा एस, नाव, डब्ल्यूओएल डी. कायमचं करायला सिस्टमडीच्या लिंक फाइलमधे वेक-ऑन-लॅन बरोबर ऑफ, आणि बायोसमधे ईआरपी नावाचा पर्याय असतो तो चालू केला की बंद मशीन जवळपास खरोखर बंद होतं. वायफायवाल्यांनी उलट दिशेने विचार करावा, तिथे पॉवर सेव्ह बऱ्याचदा आधीच चालू असतं आणि तक्रार पिंग उड्या मारतोय अशी असते. विंडोजवर हेच सगळं डिव्हाइस मॅनेजरमधे कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमधे ग्रीन ईथरनेट, एनर्जी एफिशिएंट ईथरनेट वगैरे नावाने मिळतं, त्यात फार खोल मी गेलेलो नाही.

राहिला तो दुसरा रस्ता, जो हमखास कोणीतरी सुचवतं, की कर्नलमधला ड्रायव्हर काढा आणि चिपवाल्यांचा स्वतःचा ८१६८ ड्रायव्हर डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत बनवणारी सोय) टाका, त्यात एएसपीएम चालू असतं. असतं, खरं आहे, त्याला मॉड्युलचा वेगळा पॅरामीटरही आहे. पण तो टाकताना आर८१६९ ब्लॅकलिस्ट करावा लागतो, आणि पुढच्या कर्नल अपडेटला हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसल्यामुळे किंवा कर्नल फारच नवा असल्यामुळे डीकेएमएस बिल्ड झालं नाही तर एक ड्रायव्हर ब्लॅकलिस्टमधे आणि दुसरा अस्तित्वातच नाही. नेटवर्क नसलेला, मॉनिटर नसलेला डबा फ्रीजवर. मी एकदा रात्री साडेअकराला हॉलमधला टीव्ही फ्रीजजवळ ओढून एचडीएमआय लावलेली आहे. घ्यायचाच असेल हा रस्ता तर आधी हेडर्सचं मेटा पॅकेज टाका म्हणजे प्रत्येक कर्नलबरोबर हेडर्स येत राहतील, आणि अपडेटनंतर रीबूटच्या आधी डीकेएमएस स्टेटस बघायची सवय लावा.

माझ्याकडे सध्या कर्नलचाच ड्रायव्हर, पॉलिसी पॉवरसेव्ह, नेटवाला यूडेव्ह नियम, आणि वर एक चार ओळींचा स्क्रिप्ट जो बूटनंतर पाच मिनिटांनी एल१_एएसपीएम वाचतो आणि ० असेल तर फोनवर मेसेज टाकतो, कारण नियम लिहिला म्हणजे तो लागला असं धरून चालायची चूक एकदा केली तेवढी बास. त्यानंतर दोन कर्नल अपडेट होऊन गेले, मेसेज आला नाही, मीटर ६.६. विरजणाचं भांडं आता शेजारच्या राउटरवर असतं, त्याच्या ड्रायव्हरला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे.